ओसरीवरून : कोळंबीचें बिऱ्हाड

मागील खेपेस आम्हीं पावसाळ्यांत पोथ्यांची निगा कशी राखावी याविषयीं चार शब्द लिहिले होते. तेव्हां या खेपेस आम्ही कोळंबीविषयीं लिहिणार हें पाहून कित्येक वाचकांच्या, आणि विशेषतः वाचक-भगिनींच्या, भुवया वर जातील हें आम्ही जाणून आहों. आमच्या घरींही तसेंच झालें. आमची धाकटी नात यंदा आठवींत आहे. "आपण घरांत कोळंबी पाळूं या," असें तिनें रात्रीच्या जेवणाच्या वेळीं जाहीर केलें, तेव्हां क्षणभर पंक्तींत कोणी बोलेना. आमच्या मातोश्रींचें वय आज ८८ आहे. त्यांनीं हातांतला घास तसाच ठेवून विचारिलें, "कोळंबी? या घरांत? आणि ठेवणार कोठें, देवघराशेजारीं?"

ही कोळंबी ताटांत यावयाची नसून कांचेच्या पेटींत राहावयाची आहे, तिला वास नाहीं, आवाज नाहीं व ती शेवाळ खाऊन राहते, इतकें समजावून देण्यांत आमचा अर्धा तास गेला. शेवटीं मातोश्रींनीं परवानगी दिली, परंतु एक अट घातली. त्या म्हणाल्या, "पाळायची तर नीट पाळा. घरांत आणलेल्या जिवाचे हाल झाले, तर त्याचें पाप घरच्यांना लागतें." ही अट आम्हांस त्या वेळीं अगदीं सोपी वाटली.

प्रथम या प्राण्याची ओळख करून देतों. बाजारांत यास 'चेरी श्रिंप' म्हणतात. शास्त्रीय नांव निओकॅरिडिना डेव्हिडी. बुव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें १९०४ सालीं या जातीचें वर्णन प्रसिद्ध केलें. हिचें माहेर चीन व तैवान. तेथील ओढ्यांत ती मातकट, अर्धपारदर्शक अशी असते. दगडावर बसली तर दिसूंही नये. लाल रंग हा पाळणाऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या वेंचून वेंचून आणिलेला आहे. मादी सुमारें एक इंच लांब, नर त्याहून लहान व फिकट. आयुष्य वर्ष-दीड वर्षाचें, फार तर दोन. हिची दुसरी एक प्रसिद्ध बहीण आहे. ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या जपानी छायाचित्रकारानें जलपेटींत वनस्पतींचे देखावे रचण्याची कला जगभर नेली, आणि शेवाळ आटोक्यांत ठेवण्यासाठीं त्यानें जी कोळंबी वापरांत आणिली तिला त्याचेंच नांव पडलें. परंतु त्या जातीच्या अर्भकांस वाढण्यासाठीं खारें पाणी लागतें. घरच्या पेटींत तिची वंशवृद्धि होत नाहीं. चेरीचीं पिलें मात्र गोड्या पाण्यांतच, हातापायांनीं पूर्ण होऊनच बाहेर पडतात. म्हणून नवशिक्यानें चेरीच घ्यावी.

आतां पेटीविषयीं. नातीनें दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी पसंत केली. तींत सुमारें ५६ लिटर पाणी मावतें. म्हणजे पाण्याचेंच वजन ५६ किलो, शिवाय वाळू, दगड व कांच. यास्तव पेटीखालचें मेज दणकट व समपातळींत असलें पाहिजे. लहान पेटी सोपी असें पुष्कळांस वाटतें, परंतु खरी गोष्ट उलट आहे. थोडें पाणी लवकर तापतें, लवकर निवतें व लवकर नासतें. पेटी खिडकींतील उन्हांत ठेवूं नये. पाणी गाळण्यासाठीं आंत स्पंजाची गाळणी बसवावी. बाहेरील छोटा पंप तिच्यांतून हवा सोडतो, त्या बुडबुड्यांबरोबर पाणी स्पंजांतून ओढलें जातें, आणि स्पंजाचीं छिद्रें बारीक असल्यामुळें पिलें आंत खेंचलीं जात नाहींत.

तळाशीं धुतलेल्या बारीक वाळूचा दोन बोटें थर द्यावा. झाडें निवडतांना हौसेपेक्षां चिवटपणा पाहावा. जावा मॉस दोऱ्यानें दगडास बांधावें. जावा फर्न व ॲन्युबियस यांचे कंद वाळूंत न पुरतां लांकडास बांधावे, पुरल्यास ते कुजतात. हीं तिन्ही झाडें मंद उजेडांत वाढतात. दिवा दिवसाकांठीं सहा ते आठ तास पुरे. विकत आणिलेलीं झाडें कांहीं दिवस निराळ्या पाण्यांत भिजवून तें पाणी वरचेवर बदलावें, कारण त्यांवर कीटकनाशकाचा अंश असला तर तो कोळंबीस तात्काळ बाधतो. आपल्या भाषेंत पाण्यावरची हिरवी साय, दगडावरचा बुळबुळीत थर आणि हें मॉस या सर्वांस 'शेवाळ' हा एकच शब्द पुरतो. संस्कृतांतील 'शैवला'ची गोष्टही फारशी निराळी नाहीं. शिक्षक या नात्यानें आम्हांस हें भाषेचें दारिद्र्य वाटे. पण कोळंबीचा व्यवहार पाहिल्यावर वाटूं लागलें कीं, तिचीही समजूत हीच असावी. यांतील प्रत्येक वस्तु तिला चरण्याचें कुरण आहे.

पेटी सजली, पाणी स्फटिकासारखें दिसूं लागलें, आणि आम्हीं नातीस म्हटलें कीं, आतां कोळंब्या आणावयास हरकत नाहीं. ती म्हणाली, "अजून पांच आठवडे, आजोबा. पाणी मुरायचं आहे." पाणी मुरावयाचें म्हणजे काय, हें तिनें आम्हांस जसें समजावून दिलें तसेंच येथें सांगतों. प्राण्यांचा मळ व उरलेलें अन्न कुजलें म्हणजे त्यांतून अमोनिया उत्पन्न होतो. तो जलचरांस विष आहे. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, तेंही विषच. दुसऱ्या जातीचे जंतु त्याचें नायट्रेट करतात. तें बरेंच सौम्य असून वनस्पतींचें खाद्य होतें. हे दोन्ही जंतु नव्या पेटींत पुरेशा संख्येनें नसतात. ते वाढावे म्हणून आंत माशांच्या खाद्याची चिमूट टाकून कुजूं द्यावयाची, आणि अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबावयाचें. बाजारांत थेंब टाकून रंग पाहण्याच्या बाटल्या मिळतात. त्यांवरून हें कळतें. यास चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या जुन्या, निरोगी पेटींतील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास विरजणाचें काम होतें व वेळ कमी लागतो. लोणचें ज्या दिवशीं घालावें त्याच दिवशीं वाढीत नाहींत. तोच हा प्रकार. स्वच्छ दिसणारें पाणी निराळें व राहण्याजोगें पाणी निराळें, हा पहिला धडा आम्हांस आमच्या नातीकडून मिळाला.

सहाव्या आठवड्यांत बारा कोळंब्या आल्या. त्यांस पिशवींतून एकदम पेटींत सोडावयाचें नसतें. दोन पाण्यांतील क्षार व उष्णता यांचा फरक त्यांस सोसत नाहीं. नातीनें त्यांस एका भांड्यांत ठेविलें, पेटीतून एक बारीक नळी लोंबत सोडली, तिला गांठ मारिली व थेंब थेंब पाणी दोन तास पडूं दिलें. आम्हांस शंकराच्या पिंडीवरील गळतीची आठवण झाली आणि आम्हीं उत्साहानें देवघरांतील तांब्याची गळती आणूं का, असें विचारिलें. ती म्हणाली, "नको आजोबा, नळीच बरी." कारण तिनें सांगितलें नाहीं व आम्हींही विचारिलें नाहीं. हें न विचारणें पुढें आम्हांस भोंवलें.

तीन आठवडे सर्व सुरळीत चाललें. कोळंब्या दिवसभर पुढच्या चिमुकल्या हातांनीं पानें व दगड निपटीत बसत. एका मादीच्या पोटाखालीं पिंवळट अंड्यांचा घोस दिसूं लागला. मातोश्री सकाळच्या जपास पेटीसमोर बसूं लागल्या. अशांत नात शाळेच्या सहलीस चार दिवसांकरितां गेली. जातांना वहींत लिहून गेली : 'गुरुवारीं पांच लिटर पाणी काढणें. मोरींतील बादलींत दोन दिवस ठेवलेलें पाणी हळूं घालणें.'

आम्हांस त्या प्लास्टिकच्या बादलीचें पाणी कसेंसेंच वाटलें. ज्या घरांत रात्रीं तांब्याच्या भांड्यांत भरून ठेविलेलें पाणी सकाळीं अनशापोटीं पिण्याचा परिपाठ चार पिढ्यांचा, त्या घरच्या आश्रितांस मोरींतील बादलीचें पाणी द्यावें? आम्हीं माळ्यावरील मोठा हंडा व त्याच्या जोडीचें घंगाळ खालीं काढविलें, चिंच लावून स्वहस्तें लख्ख घांसलें, आणि दोन दिवस पाणी भरून ठेविलें. शिवाय पांच लिटरांनीं काय होणार, अधिक केलें तर अधिक फळ, या विचारानें निम्मी पेटी रिकामी करून ती त्या पाण्यानें भरली. रात्रीं कोळंब्या पेटींत इकडून तिकडे वेड्यासारख्या धांवूं लागल्या. आम्हांस वाटलें, नव्या पाण्याचा आनंद झाला.

सकाळीं सात मेलेल्या होत्या. उरलेल्या पांच एका कोंपऱ्यांत निपचित पडल्या होत्या. अंडीं धरलेली मादी जिवंत होती, पण तिनें अंडीं टाकून दिलीं होतीं. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. त्या दिवशीं त्या पेटीकडे पाठ करून जपास बसल्या.

झालें तें असें. तांब्याच्या भांड्यांत राहिलेल्या पाण्यांत तांब्याचा सूक्ष्म अंश उतरतो. चिंचेसारख्या आंबटानें नुकत्याच घांसलेल्या, वरचा थर गेलेल्या भांड्यांतून तो अधिकच उतरतो. हाच अंश पाण्यांतील रोगजंतूंस मारतो, आणि म्हणून आपले पूर्वज तें पाणी चांगलें म्हणत त्यांत तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें मनुष्याच्या पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें दोन मिलिग्रॅमपर्यंत तांबें चालेल अशी मर्यादा सांगितली आहे. परंतु कोळंबीस त्याच्या अल्पशा अंशानेंही अपाय होतो, आणि क्षार कमी असलेल्या मऊ पाण्यांत तर तो फारच वाढतो. नवलाची गोष्ट ही कीं, तांब्यावांचून तिचें चालतही नाहीं. आपल्या रक्तांत लोह असतें, तसें तिच्या रक्तांत प्राणवायु वाहून नेणाऱ्या द्रव्यांत तांबेंच असतें. अन्नांतून मिळणारा कणभर अंश तिला पुरतो. पाण्यांतून कल्ल्यांवर आलेला तिला मारतो. त्यांत निम्मी पेटी एकदम बदलल्याचा आघात. दोहोंपैकीं एकच दोष पुरला असता. आम्हीं दोन्ही केले.

नात परत आली. पेटी पाहून तिनें एवढेंच विचारिलें, "आजोबा, पाणी कशांत ठेवलं होतं?" आम्हीं सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "गळती नको म्हटलं तेव्हांच मी कारण सांगायला हवं होतं." पस्तीस वर्षें आम्हीं वर्गांत मुलांच्या चुका लाल शाईनें दाखविल्या, परंतु आमच्या चुकीचा भार एका पोरीनें आपण होऊन उचलावा, हें ऐकणें फार जड गेलें. आम्हीं तिला सांगितलें कीं, तिनें वहींत स्पष्ट लिहिलें होतें, तें आम्हीं वाचलेंही होतें; फक्त मानलें नव्हतें. मग तिची वही मागून घेऊन त्या गुरुवारच्या रकान्यांत आमच्याच हातानें लिहिलें : 'तांब्याच्या हंड्यांतील पाणी, निम्मी पेटी. सात मेल्या. चूक आजोबांची.' ती ओळ आजही तेथें आहे.

उरलेल्या पांचांत तीन माद्या व दोन नर होते. पुढील दोन आठवडे दर दिवशीं थोडेंथोडें, बादलींतलें, पाणी बदलीत गेलों. नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरिन असतो; तो उघड्या बादलींत दिवसभर ठेवल्यानें बहुतांशीं उडून जातो. परंतु कित्येक ठिकाणीं क्लोरामिन घालतात. तो असा जात नाहीं, त्यासाठीं माशांच्या दुकानांतील क्लोरिननाशक औषध घालावें लागतें. धरणाचें पाणी बहुधा मऊ असतें व विंधणविहिरीचें जड. फार मऊ पाण्यांत कोळंबीस कवचापुरता चुना मिळत नाहीं. त्यासाठीं काष्ठौषधीच्या दुकानांतून समुद्रफेस आणून त्याचा लहानसा तुकडा पेटींत ठेवावा. कोळंबी वाढतांना वरचेवर कात टाकते. ती रिकामी कात हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखी दिसते. ती पाहून घाबरूं नये व काढूंही नये. तीच खाऊन ती आपला चुना परत घेते.

अन्न फार थोडें द्यावें. दहा-बारा कोळंब्यांस मुगाच्या डाळीएवढा तुकडा एक दिवसाआड पुष्कळ होतो. उकडलेल्या पालकाचें पान किंवा काकडीची चकती दिली तर तीन-चार तासांनीं उरलेली काढून घ्यावी. देशी बदामाचें गळून वाळलेलें पान धुवून आंत टाकलें तर त्यावर जो सूक्ष्म थर धरतो तो पिलांस उत्तम. मासे बरोबर ठेवूं नयेत. गप्पीसारखा गरीब दिसणारा मासाही पिलें गिळतो. उन्हाळ्यांत पाणी ३० अंशांवर गेलें कीं त्यांतील प्राणवायु घटतो. तेव्हां झांकण काढून पाण्याच्या पृष्ठावर छोटा पंखा सोडावा. माठ ज्या कारणानें पाणी गार करतो त्याच कारणानें पेटीही दोन-चार अंश निवते. फक्त उडालेलें पाणी भरीत राहावें. आणि सर्वांत महत्त्वाचें : डांसांची उदबत्ती, विजेवरचीं डांसांचीं औषधें व झुरळांची फवारणी पेटीच्या खोलींत करूं नये. त्यांतील द्रव्यें कीटकांसाठीं केलेलीं, आणि कोळंबी ही कीटकांची जवळची नातलग आहे. आमच्या ओसरीवर आतां मच्छरदाणी लागते.

दोन महिन्यांनीं एके संध्याकाळीं दोन्ही नर पेटीभर भराभर पोहूं लागले. आमच्या पोटांत धस्स झालें. आम्हीं नातीस हांक मारिली. ती हंसून म्हणाली, "हें निराळं आहे." मादीच्या पाठीवर खोगिरासारखा पिंवळा डाग आधींच दिसत होता, तीं तिचीं अंडीं. तिनें कात टाकली म्हणजे पाण्यांत एक सूक्ष्म गंध पसरतो व नर तिला शोधूं लागतात. दुसऱ्या दिवशीं अंडीं पोटाखालीं आलीं, वीस-पंचवीस असतील. मादी तीं पोटाखालच्या वल्ह्यांसारख्या पायांनीं सारखीं हालवीत राहते, म्हणजे त्यांस ताजें पाणी मिळतें व बुरशी धरत नाहीं. उष्णतेप्रमाणें तीन ते चार आठवडे हा क्रम चालतो. मग एका सकाळीं मॉसवर दोन मिलिमीटर लांबीचे, कांचेसारखे, मिशांसकट पूर्ण असे जीव दिसूं लागले.

तें प्रथम पाहिलें मातोश्रींनीं. त्या पहांटे उठतात. आम्ही ओसरीवर आलों तेव्हां त्या चष्मा कांचेला टेंकवून, माळ हातांत धरून बसल्या होत्या. "गडबड करूं नको," त्या म्हणाल्या, "मोजतें आहें." मण्यांवर एकवीस भरलीं.

आतां पेटींत शंभराच्या वर आहेत व दुसरे प्रश्न उभे राहिले आहेत. कांहीं पिलें मातकट निघतात. लाल, पिंवळ्या, निळ्या अशा निरनिराळ्या रंगांच्या एकत्र ठेविल्या तर कांहीं पिढ्यांत बहुतेक सर्व त्याच मूळच्या रानटी रंगावर जातात. शुद्ध रंग राखावयाचा तर फिकट असतील त्या सतत निराळ्या काढाव्या लागतात. व्यापारी त्या टाकून देतात. नातीनें त्यांच्यासाठीं दुसरी लहान पेटी मागितली व ती दिली गेली. आमच्या पाहण्यांत तरी मातकटही तितक्याच आनंदानें चरतात. जास्त झालेल्या इष्टमित्रांस द्याव्या. परंतु नदींत, विहिरींत अथवा तळ्यांत सोडूं नयेत. आपल्याकडे विसर्जनाची संवय फार आहे, म्हणून मुद्दाम सांगतों. जर्मनींतील गिलबाख नांवाच्या ओढ्यांत वीजकेंद्राचें कोमट पाणी येतें. तेथें हीच परदेशी कोळंबी ठाण मांडून बसलेली आढळली. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत आपल्या स्वतःच्या लहान कोळंब्या आहेत. त्यांच्या घरांत परक्यांस घुसवूं नये.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं मुलें असा छंद मागत असतील, तर आमचें सांगणें इतकेंच कीं, तो द्यावा, पांच आठवडे थांबावें, आणि वहींत जें लिहिलें असेल तेंच करावें. आमचा हंडा पुन्हां पिण्याच्या पाण्याकडे लागला आहे. मोरींतील बादलीवर नातीनें 'कोळंबी' असें मोठ्या अक्षरांत लिहून ठेविलें आहे, आणि तिला हात लावण्यापूर्वीं आम्ही विचारतों.